झिरोमामाची रोषणाई

मामाला कुणी "कसे आहात?" असं विचारलं की तो आधी "का?" असं विचारतो. विचारणाऱ्याने "काही नाही, सहज" म्हटलं तर प्रकरण आणखीच चिघळतं, कारण या जगात कुणी काही सहज करतं यावर मामाचा विश्वास नाही. दूधवाला वेळेवर आला तर दुधात पाणी जास्त असणार, उशिरा आला तर पाणी घालायला वेळ लागला असणार. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर त्याचं औषधवाल्याशी संधान, नाही दिल्या तर आजार मोठा आहे आणि आपल्यापासून लपवताहेत. अशा माणसाने खरं तर पोलिसात जायला हवं होतं. तो डेकोरेशनमध्ये गेला.

आमच्या बंदरातल्या प्रत्येक सणाची रोषणाई मामाची. टेकडीवर एक देव आहे, धक्क्यावर दुसरा आणि पुलापलीकडे तिसरा. जहाजांबरोबर आलेली आणि मग परत न गेलेली माणसं धरली तर आणखीही दोन-चार असतील. पण त्यांचे सण घरातल्या घरात होतात, त्यांना माळा लागत नाहीत, त्यामुळे मामाच्या लेखी ते नास्तिक. मामा स्वतः कुठल्या देवाचा असं विचाराल, तर ज्याचा सण पुढे आहे त्याचा.

बाजाररस्त्यावर त्याचं दोन गाळ्यांचं दुकान आहे. एका गाळ्यात गोदाम: शिड्या, वायरची भेंडोळी, ताडपत्रीखाली झाकलेला जनरेटर. दुसऱ्यात मामाची खुर्ची, गिऱ्हाइकांचं बाकडं आणि दाराशी माझं मोबाइल दुरुस्तीचं टेबल. वर दोन खोल्या. तिथे खिडकीपाशी मामी डिंकाच्या वासाच्या धुरात बसून माळा जोडते. वायर सोलणं, होल्डर बसवणं, कथलाचे डाग देणं, सगळं तिचं. मामाचं काम त्या माळा खांबांवर चढवणं आणि त्या चढवण्याआधी बोलणं.

प्रत्येक होल्डरच्या मागे नेलपॉलिशचा एक लाल ठिपका असतो. मामीची बाटली दर सणाला संपते, आणि तिच्या नखांवर मात्र मी कधी रंग पाहिला नाही. मामाचं म्हणणं असं की देवाला हात जोडून झाले की तेच हात बल्बकडे जातात, म्हणून खूण पाहिजे. आख्खं गाव उजळून टाकणारा हा माणूस घरी मात्र जिन्यात, मोरीत आणि जेवायच्या खोलीतसुद्धा झिरोचा दिवा लावतो. त्यावरून गावाने त्याला झिरोमामा केलं. समोर म्हटलं तर तो रागावत नाही. मागे म्हटलं की कोण म्हणालं याची चौकशी करतो.

आता त्याच्या बोलण्याविषयी सांगायला हवं, कारण धंदा त्यावर चालायचा.

टेकडीच्या उत्सवाचं सगळं औषधवाले बघतात. आमच्या समोरच्या बाजूला, समुद्राकडे जरा खाली त्यांचं औषधांचं दुकान आहे. हडकुळे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजून-मापून. धक्क्याच्या उत्सवाचे कर्तेधर्ते बर्फवाले. मासळीला लागणारा बर्फ त्यांच्या कारखान्यातून जातो, आणि स्वतः मात्र ते चटकन तापतात. सण जवळ आला की दोघंही आपापल्या वेळी दुकानात यायचे. औषधवाले बाकड्यावर टेकले की मामा चहा मागवायचा आणि गप्प बसायचा. मग धक्क्याच्या दिशेने बघून एक सुस्कारा टाकायचा. काय झालं म्हणून विचारलं की म्हणायचा, नको, मी कुणाचं कुणाला सांगत नाही. मग सांगायचा. धक्क्यावाल्यांनी यंदा पेट्रोलपंपापर्यंत पळते दिवे सांगितलेत, असं तो अशा आवाजात सांगायचा की ऐकणाऱ्याला आपल्या घरी चोरी झाल्यासारखं वाटावं. औषधवाल्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर यायचा. ते पोस्टापर्यंतची माळ सांगून जायचे. मग बर्फवाले यायचे, पुन्हा चहा, पुन्हा सुस्कारा, या वेळी टेकडीच्या दिशेने.

मामा खोटं बोलायचा नाही. तो फक्त अजून न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायचा, आणि संध्याकाळपर्यंत ती व्हायची. अशाने दोन्हीकडची रोषणाई दर वर्षी पुढे पुढे सरकत वस्ती संपून मिठागराच्या बांधावर गेली होती. तिथे ती फक्त खेकडे बघत.

यंदा कित्येक वर्षांनी दोन्ही सण एकाच दिवशी आले. टेकडीवाल्यांची तारीख एका हिशेबाने ठरते, धक्क्यावाल्यांची दुसऱ्या, आणि क्वचित कधीतरी दोन्ही हिशेब एकमेकांच्या अंगावर येऊन आदळतात. त्यातून दोघांच्या मिरवणुकीला रस्ता एकच. टेकडीवाले वरून खाली समुद्राकडे येतात, धक्क्यावाले समुद्राकडून वर चौकात जातात, आणि मध्ये आमचा बाजाररस्ता. मागच्या वेळी असं झालं तेव्हा दोन बँडवाले आमच्या दुकानासमोर समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या कानात वाजवत होते, असं मामी सांगते. मामा ती आठवण काढताना डोळे पुसतो. दुःखाने नव्हे. त्या वर्षी गोदामात एक बल्ब शिल्लक राहिला नव्हता.

त्यामुळे तारखा जाहीर झाल्यापासून मामा लग्नघरातल्यासारखा वावरत होता. नव्या वायरची भेंडोळी आली. जनरेटरला तेलपाणी झालं. बाकड्याची हलणारी तंगडी ठोकून घेतली, कारण यंदा बसणारे बराच वेळ बसणार होते.

औषधवाले आले. चहा आला. मामाने सुस्कारा टाकला. औषधवाल्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि बाजाररस्त्यावर यंदा आमचं काही नको, फक्त टेकडीच्या पायऱ्यांना साध्या माळा लावा, एवढं बोलून उठले. धक्क्यावर काय चाललंय, विचारलंसुद्धा नाही. मामा त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिला. दुपारी बर्फवाले आले. त्यांनाही फक्त धक्क्याच्या कमानीपुरतं हवं होतं. टेकडीवाल्यांविषयी मामाने आपणहून विषय काढला तर ते म्हणाले, चांगली माणसं आहेत.

ते गेल्यावर मामाने खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली.

"चांगली माणसं आहेत म्हणतो," मामा मला म्हणाला. "बर्फवाला. टेकडीवाल्यांना. कुठेतरी पाणी मुरतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात चौकशी आयोग बसला. मामाचा पहिला संशय असा की शहरातून कुणी मोठा डेकोरेशनवाला आणलाय. चौकात अनोळखी टेम्पो दिसला की मामा त्याच्या मागे चालत जायचा. एकदा तर तो एका टेम्पोच्या मागे गावाबाहेरपर्यंत गेला आणि त्यात गाद्या निघाल्या. तरी त्याचं समाधान झालं नाही. गाद्यांच्या खाली काय होतं, हे कुणी पाहिलंय, असं त्याचं म्हणणं. मला त्याने औषधवाल्यांच्या दुकानात डोकेदुखीची गोळी आणायला पाठवलं आणि परत आल्यावर ते हसून बोलले की नुसतेच, असं विचारलं. हसूनच बोलले, असं मी म्हटल्यावर त्याने तीच गोळी स्वतः घेतली.

दुसरा संशय मामीवर. मामी हल्ली फोनवर बोलताना खिडकीकडे तोंड करायची. पूर्वी ती जिन्याकडे तोंड करून बोलायची, आणि आवाज असा की खाली माझ्या गिऱ्हाइकांना तिच्या बहिणीच्या गुडघ्यांची खबर असायची. आता नुसतं हं, हो, बघते, कळवते. शिवाय वरच्या खोलीत रात्रंदिवस डाग देणं चाललेलं. पायऱ्यांच्या आणि कमानीच्या माळा तर तयारच होत्या. मग हे काय चाललंय, असं मामाने विचारलं तर ती म्हणाली, जुनं दुरुस्त करतेय. मामा वर जाऊन बघायचा तर मामी कामावर जुनी चादर टाकून त्याला पाणी आणायला पाठवायची.

मामाने जिन्यात मला गाठून विचारलं, तुझी मामी माझ्याविषयी काही बोलते का. मी म्हटलं, बोलते की, सकाळ-संध्याकाळ. तसं नव्हे रे, म्हणाला.

शेवटी त्याने आपलं जुनं हत्यार काढलं, आणि इथेच त्याचा घात झाला. आजवर तो वाढवून बोलला होता. या वेळी त्याने निखालस थाप मारली, तीसुद्धा एकाच दिवशी दोन. सकाळी औषधवाल्यांच्या काउंटरवर वाकून सांगितलं की धक्क्यावाले बाजाराच्या तोंडाशी दिव्यांचं जहाज उभं करताहेत, शिडासकट. दुपारी बर्फाच्या कारखान्यात जाऊन सांगितलं की टेकडीवाले मोर आणताहेत, पिसारा उघडतो आणि मिटतो. त्याचा डाव सरळ होता. ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबतील तो धावत दुकानात येईल. जो येणार नाही त्याने बाहेरून माणूस आणलाय, हे ठरलं. इतक्या वर्षांत हा डाव कधी फुकट गेला नव्हता, कारण टेकडी आणि धक्का यांच्यामध्ये बोलणारा माणूस एकच होता आणि तो मामा होता.

संध्याकाळी दुकानासमोर औषधवाले आले. त्यांच्याबरोबर बर्फवाले. दोघं एकाच छत्रीखाली होते, आणि ऊन उतरून गेल्यामुळे छत्रीची तशी गरजही नव्हती. मामा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. ते दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसले. बाकडं ठोकून घेतलं होतं ते बरं झालं.

"मामा, ह्यांचा मोर बघायचा होता," बर्फवाले म्हणाले.

"आणि मला ह्यांचं जहाज," औषधवाले म्हणाले. "शिडासकट."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी एका मोबाइलचा स्क्रू शोधायला टेबलाखाली गेलो. तिथून सगळं छान ऐकू येतं.

मग हळूहळू उलगडा झाला. गेल्या वर्षी दोन्ही सण पाठोपाठ आले, तेव्हा आदल्या संध्याकाळी दुसऱ्याची माळ कुठवर गेलीय हे बघायला दोघंही आपापले गुपचूप मिठागराच्या बांधावर गेले होते, आणि खेकड्यांच्या साक्षीने एकमेकांसमोर उभे राहिले. आधी बराच वेळ दोघांनी हवा खायला आल्याचं सोंग केलं. मग बर्फवाल्यांनी विचारलं की तुम्ही इथवर का आणलीत. औषधवाले म्हणाले, तुम्ही आणलीत म्हणून. बर्फवाले म्हणाले, मामा तर म्हणाला की तुम्ही आधी. तिथे दगडावर बसून दोघांनी मागच्या सगळ्या वर्षांची उजळणी केली. कोण कधी काय म्हणाला, तेव्हा मामाने कुठल्या बाजूला बघून सुस्कारा टाकला होता, इथपर्यंत.

यंदा त्यांनी ठरवलं होतं की बाजाररस्त्यावर दोघांची मिळून एकच रोषणाई करायची. एकाच खांबावर टेकडीचे पिवळे दिवे आणि धक्क्याचे निळे. टेकडीची मिरवणूक जाईपर्यंत रस्ता पिवळा, ती उतरली की निळा. एक खर्च, एक वायर, भांडण नाही.

"मग हे मला का नाही सांगितलं?" मामाने विचारलं.

"तुम्हालाच नाही सांगायचं, एवढं एकच तर आमचं पहिल्या बैठकीत एकमताने ठरलं," औषधवाले म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. औषध जेवणानंतर घ्यायचं, असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

मामाने विचारलं की काम कुणाला दिलंय. शहरातल्या माणसाचं नाव ऐकायची त्याची तयारी झाली होती; मला वाटतं, त्याला ते आवडलंही असतं, निदान संशय खरा ठरला असता. पण दोघांनीही वर जिन्याकडे बघितलं. जिन्यावर मामी उभी होती. हातात पिवळ्या-निळ्या होल्डरांची जुडी, अजून डाग गरम.

"त्यांना," बर्फवाले म्हणाले. "त्या आम्हाला तिकडचं काही सांगत नाहीत. मी स्वतः तीनतीनदा विचारून बघितलं."

ते दोघं गेले. मामी खाली येऊन बाकड्यावर बसली.

"तुला माहीत होतं," मामा म्हणाला.

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"अहो, तुम्हाला बोलले असते तर दुपारपर्यंत धक्क्यावर आणि संध्याकाळपर्यंत टेकडीवर कळलं असतं. तेही वेगवेगळं."

मामाला लागलं ते हेच. काम गेलं असतं तर त्याने शहराला शिव्या घातल्या असत्या आणि जेवला असता. पण या गावात रोषणाई म्हणजे झिरोमामा, हे इतकी वर्षं कुणाला सांगावं लागलं नव्हतं, आणि आता ती त्याच्याच घरातून, त्याच्याच जिन्यावरून, त्याला वगळून निघाली होती. ऐन मोठ्या सणाला हा माणूस रस्त्याच्या कडेला बघ्यांमध्ये उभा राहणार. आणि पुढच्या वर्षी कुणी त्याला बघायलाही बोलावणार नाही. रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला की गोदामाला उद्या कुलूप लावतो, माळा माझ्या आहेत.

मामीने पोळी वाढली आणि लावा म्हणाली. जोडलेल्या माळा वर तिच्या पलंगाखाली होत्या. मग पोळीवर तूप ओढत तिने सहज विचारलं की खांबावर कोण चढणार, ते मात्र सांगा. तिचे गुडघे बहिणीवर गेलेत, तिला शिडी जमत नाही. पुलापलीकडची दोन पोरं तयार आहेत म्हणाली.

पुलापलीकडची पोरं वायरला खिळा मारतात, असा मामाचा जुना संशय. घास तोंडात तसाच ठेवून तो विचार करत होता. सकाळी मी उठलो तेव्हा शिडी जागेवर नव्हती. तो पोस्टाच्या खांबावर होता. खालून विचारलं तर म्हणाला, चढलो नाहीये, नुसता खांब बघतोय.

पुढचे दिवस तो असाच नुसता खांब बघत बाजाररस्ताभर फिरला, आणि ज्या खांबावरून उतरेल तिथे माळ लागलेली असायची. मामी खालून सांगायची, जरा डावीकडे. इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच सर्वांदेखत डावीकडे सांगितलं असेल. तो उजवीकडे सरकवायचा, मग कुणी बघत नाही असं बघून डावीकडे.

याच दिवसांत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परत आलं. औषधवाल्यांचा पुतण्या टेप घेऊन खांबाखांबाला फिरत होता. पिवळा दिवा निळ्यापेक्षा खाली तर नाही ना, हे तो मापत होता. त्याच्या मागून बर्फवाल्यांचा मेहुणा आपली टेप घेऊन तेच मापत होता, कारण पुतण्याच्या टेपवर त्याचा भरवसा नव्हता. निळे बल्ब जरा मंद दिसतात, अशी तक्रार धक्क्याकडून आली. पिवळे मुद्दाम जुने घातलेत, अशी टेकडीकडून. त्यांचा समेट झाला होता, विश्वास काही झाला नव्हता. शिडीवरून मामा हे सगळं बघत असायचा, आणि त्याला पाहून वाटायचं, परगावी गेलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणी बोलताना ऐकू आलंय.

सणाच्या दिवशी दुपारी मात्र गाडी अडली. सगळ्या माळांचं बटण आमच्या दुकानाच्या ओट्यावर, एका फळीवर. वर केलं की पिवळे, खाली केलं की निळे. टेकडीची शेवटची रांग औषधाच्या दुकानापुढे गेली की बटण खाली करायचं, एवढं साधं. पण करायचं कुणी? टेकडीचा माणूस बसवला तर तो शेवटची रांग संपूच देणार नाही, असं बर्फवाले म्हणाले. धक्क्याचा बसवला तर अर्धी मिरवणूक मागे असतानाच आम्हाला निळ्यात बुडवेल, असं औषधवाले. दोघांचे दोन बसवावेत, तर बटण एक आणि हात दोन, त्यात फळीच तुटेल. मामीला विचारलं तर ती म्हणाली, मला जनरेटरपाशी थांबायचंय, तो मधेच उचकी देतो. पुलापलीकडून कुणाला आणावं, तर त्यांचं कुणाशी जवळचं याबद्दल दोन्हीकडे वेगवेगळी मतं. माझं नाव कुणीतरी घेतलं आणि दोघंही इतक्या पटकन नाही म्हणाले की मला जरा वाईटच वाटलं.

आवाज चढले. बर्फवाले तापले. मागच्या वेळची बँडची गोष्ट निघाली. ओट्याखाली दोन्हीकडची माणसं जमायला लागली, आणि त्या गर्दीत मी एक गोष्ट पाहिली की मामा काही बोलत नव्हता. एका शब्दाने पेटलं असतं. तो खांबाला टेकून हातातल्या होल्डरवरचा नेलपॉलिशचा ठिपका नखाने खरवडत उभा होता.

"ह्यांना बसवा," मामी म्हणाली.

दोघंही एकदम बोलायला लागले, की यांच्यावर कसा विश्वास ठेवायचा.

"तुमचा ह्यांच्यावर विश्वास आहे?" तिने औषधवाल्यांना विचारलं. नाही म्हणाले. "तुमचा?" बर्फवाल्यांनी कानाला हात लावला. "मग भांडण कसलं? दोघांचाही सारखाच नाही, असा गावात दुसरा कोण आहे?"

दोघांनी यावर विचार केला. औषधवाल्यांनी चष्मा पुसला. असा माणूस खरंच दुसरा नव्हता.

बसायला सांगितल्यावर मामाने आधी विचारलं, "मलाच का?" मग त्याने फळी उलटी करून मागची वायर तपासली, कुठे दुसरं बटण लपवलंय का ते बघायला जिन्याखाली वाकला, मामीला विचारून आला की हे तुझंच डोकं की त्यांनी शिकवलं, आणि मगच स्टुलावर बसला. त्याच्या एका खांद्यामागे औषधवाले उभे राहिले, दुसऱ्यामागे बर्फवाले.

दिवस मावळला तसा रस्ता पिवळा झाला. टेकडीकडून ढोल ऐकू आले. मिरवणूक आमच्यासमोरून जायला लागली: मुलं खांद्यावर घेतलेले बाप, दोरी धरून माणसं बाजूला सारणारे, नव्या चपला चावत असल्याने थांबून थांबून चालणाऱ्या बायका. खाली धक्क्याच्या टोकाला दुसरी मिरवणूक अंधारात तयार उभी होती आणि तिच्या बँडमधला कुणीतरी अधूनमधून वाजवून बघत होता. शेवटची रांग औषधाच्या दुकानापाशी आली. आणि तिथे थांबली, कारण एका आजोबांना घाम आला होता आणि लोक त्यांना पाणी पाजत होते.

बर्फवाल्यांनी खाकरून दाखवलं. झालं की आता, म्हणाले. औषधवाले मामाच्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, थोडं राहू द्या पिवळं, म्हातारा माणूस आहे. बर्फवाले म्हणाले, तो म्हातारा मुद्दाम थांबवलाय. मामाने त्या आजोबांकडे निरखून बघितलं. मला वाटतं, त्यालाही तोच संशय आला होता. त्याचं बोट बटणावर होतं. तो कुणाला काही बोलला नाही. आजोबा पाणी प्यायले, तोंड पुसलं, उठले, हात हलवला. त्यांची पाठ दुकानापुढे गेली, आणि मामाने बटण खाली केलं.

रस्ता निळा झाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न अडखळता. टेकडीच्या मिरवणुकीतल्या मागे राहिलेल्या माणसांनीसुद्धा वळून वर बघितलं. मामाला ओट्यावरून फक्त समोरचे दोन खांब दिसत होते. त्याने मला टोकापर्यंत लागलेत का बघायला पिटाळलं. मी जाऊन आलो, लागलेत म्हटलं. त्याने दुसऱ्याला पाठवलं. मग तोही खरं बोलतोय की नाही म्हणून मामीला हाक मारून बटणाशी बसवलं, हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. धक्क्याची मिरवणूक त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. मान वर करून तो एकेक खांब बघत होता आणि त्याचा शर्ट निळा दिसत होता. परत आला तेव्हा म्हणाला, तिसऱ्या खांबावरचा एक बल्ब कुणीतरी बदललाय.

मिरवणुका पांगल्यावर औषधवाले पुन्हा ओट्यावर आले. मी माझं टेबल आत घेत होतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मामाच्या बाजूला सरकले आणि अगदी सहज विचारलं की पुढच्या वर्षी तारखा वेगळ्या येतील, तेव्हा धक्क्यावाल्यांच्या मनात काय आहे, काही कानावर आलंय का. मामाची मान आपोआप धक्क्याकडे वळली. छाती वर आली, म्हणजे सुस्कारा आत तयार झाला होता. मी टेबल धरून थांबलो. मामाने तो सुस्कारा तसाच गिळला.

"ते काय, बर्फवाले तिथे उभे आहेत," तो म्हणाला. "त्यांनाच विचारा."

मी टेबल टाकून तडक जनरेटरकडे गेलो आणि मामीला सांगितलं. ती फडक्याने हाताचं तेल पुसत होती. तिने ऐकून घेतलं, जनरेटर बंद केला, आणि एकदम झालेल्या शांततेत म्हणाली,

"म्हणाले असतील. पण दोघांना म्हणाले, की एकालाच?"

मी विचार केला. औषधवाल्यांना म्हणताना मी ऐकलं होतं. मागे वळून बघितलं तर ओट्यावर, जिन्यातल्या झिरोच्या उजेडात, बर्फवाले मामाच्या शेजारी बसले होते आणि कुणीतरी त्यांच्यासाठी चहा घेऊन येत होतं.